वाजणाऱ्या झाकणाचा डबा

ज्या वर्षी अप्पांची लेक पहिल्यांदा शाळेत गेली, त्याच वर्षी मी जन्मलो. तारीख मला सांगता येणार नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी ती दाराची चौकट धरून रडली, म्हणून तिच्या आईने तिच्या हातावर लिंबाची एक गोळी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शाळेसाठी रडली नाही, गोळीसाठी रडली. तिसऱ्या दिवशी गोळ्यांचा पुडा कोनाड्यातून नाहीसा झाला आणि लेक पोट धरून बसली. तेव्हा घरात ठरले, की या गोळ्यांना आता बंद घर पाहिजे. ते घर म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे.

अप्पा पत्र्याचे काम करीत. बाजाराच्या टोकाला, एका शिंप्याच्या शेजारी त्यांचे दुकान होते. तेच त्यांचे घरही होते. पुढच्या खोलीत ऐरण, शेगडी आणि कात्र्या, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि अंथरुणे. अप्पा दिवसभर नरसाळी, घमेली, धान्याचे डबे घडवत. त्यांच्या हातात एक लाकडी हातोडा असे. लोखंडी हातोड्याने पत्र्याला खड्डे पडतात, लाकडी हातोड्याने तो नुसता वळतो. ही गोष्ट मी अंगावर अनुभवली आहे.

मी नव्या पत्र्याचा नाही. तेलाचा एक रिकामा डबा कापून अप्पांनी मला घडवले. गरम पाण्याने आणि सोड्याने मला इतके घासले, की तेलाचा वासही उरला नाही. पण जुन्या डब्यावरची काही छापील अक्षरे माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला राहिली. ती काय आहेत, हे मला कितीतरी वर्षे माहीत नव्हते. कुणी वाचून दाखवल्याशिवाय डब्याला काय कळणार? अक्षरे मी फार उशिरा शिकलो. ते पुढे सांगेन.

माझे झाकण घडवताना अप्पांची बायको मागच्या खोलीतून बाहेर आली. हात ओले होते.

"झाकण असं करा, की पोरीने हात लावला की मला स्वयंपाकघरात कळलं पाहिजे."

"म्हणजे तुला डबा नको, पहारेकरी पाहिजे."

"पहारेकरी झोपतात. डबा झोपत नाही."

अप्पा हसले. त्यांनी झाकण उलटे करून कापडाच्या एका जाड घडीवर ठेवले आणि मध्यभागी हळूहळू ठोके देत एक फुगवटा काढला. फार नाही, उथळ बशीएवढा. मग कडा इतक्या घट्ट बसवल्या, की झाकण उघडताना अंगठ्याने मधोमध दाबावेच लागे. दाबले, की तो फुगवटा आत जाई आणि सोडताच बाहेर उडे. टण्ण. आवाज भांडे पडल्यासारखा कर्कश नाही, आणि हळूही नाही. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि तिथून भिंतीपलीकडे शिंप्याच्या दुकानात जाईल, एवढा. अप्पांनी नंतर खूप डबे घडवले, पण असे झाकण दुसऱ्या कुणाला दिले नाही.

घरातला नियम साधा होता. शाळेच्या दिवसांत गोळी नाही. सुट्टीत रोज एक, दुपारच्या जेवणानंतर. गोळी संपली, की चूळ भरायची आणि दात बोटाने चोळायचे. सुट्टीत येणारे-जाणारे पाहुणे मुलीच्या हातावर काही ना काही ठेवत. ते सगळे माझ्यात जमा होई. लेक कुठेही खेळत असली तरी माझा आवाज ऐकून धावत येई. शेजारचा शिंपी घड्याळ बघत नसे. म्हणे, "डबा वाजला. पोरगी जेवली. चला, आता आपणही जेवू."

ते माझे सुखाचे दिवस होते. मला वाटे, आपण रोज एकदा वाजतो, म्हणून हे घर चालते.

पुढे लेक मोठी झाली. गोळ्यांचे वय सरले. माझ्यात बटणे आली, सुया-दोरे आले, मग कुणाला नको असलेले वाकडे खिळे आले. खिळ्यांनी माझ्या पोटात ओरखडे पाडले. झाकण वाजे, पण कुणी धावत येत नसे. लेकीचे लग्न झाले. काही वर्षांनी अप्पांची बायकोही गेली. अप्पांचे डोळे अधू झाले, हाताला कंप सुटला, आणि एक दिवस ज्याने आयुष्यभर हजारो कडा दुमडल्या त्याच्याकडून एक कड सरळ येईना. त्यांनी ऐरण विकली. लेक न्यायला आली तेव्हा त्यांनी बरोबर कपड्यांचे एक बोचके, तो लाकडी हातोडा आणि मला घेतले.

"हा डबा अजून आहे?" लेक म्हणाली. तिने अंगठ्याने माझे झाकण दाबले. टण्ण. ती हसली आणि लगेच तिने तोंड फिरवले. आईची आठवण आली असावी.

लेकीचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत दारासमोर अप्पांची खाट. खाटेच्या डोक्याशी फळी, आणि फळीवर मी. तिथून मला जिन्याकडचे दार दिसे आणि स्वयंपाकघराचे दारही दिसे. लेकीचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवी. आठवड्यात जेमतेम एखादी रात्र घरी. लेक एका दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. खुर्चीशेजारी उभी राहून डॉक्टरांना हत्यारे देणे आणि घाबरलेल्या मुलांचे हात धरणे, हे तिचे काम.

त्यांना दोन मुले. थोरली नुकतीच वाचायला शिकलेली. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, वर्तमानपत्राचे पुडे, जे दिसेल ते ती मोठ्याने वाची. अप्पा तिला मास्तरीणबाई म्हणत. धाकटा गुबगुबीत, पोट पुढे काढून चालणारा. त्याला ते साहेब म्हणत.

मोठी सुट्टी लागली. पाहुणे येऊ लागले आणि गोळ्यांचे पुडे येऊ लागले. संत्र्याच्या, पुदिन्याच्या, दुधाच्या, चिकट, कागदात गुंडाळलेल्या. पहिल्याच दिवशी लेकीने सगळे गोळा करून माझ्यात भरले.

"अप्पा, हा डबा तुमच्या ताब्यात. आम्ही दोघं कामावर. रोज एक, जेवण झाल्यावर. मग दात घासायचे. आईचा नियम तुम्हाला पाठ आहे."

"एवढं कडक कशाला, पोरी? सुट्टी आहे."

"सुट्टी संपली की आमच्याकडे रांग लागते. एवढाली पोरं. खुर्चीत बसायच्या आधीच भोकाड पसरतात. आणि आई-बाप आम्हालाच म्हणतात, काय करणार, सुट्टी होती."

अप्पांनी मान डोलावली. मला त्यांनी फडक्याने पुसले. मित्रांनो, घरात म्हाताऱ्या माणसाला कुणी काम सोपवले, की त्याची पाठ कशी ताठ होते ते मी त्या दिवशी पाहिले. मीही इतक्या वर्षांनी पुन्हा गोळ्यांचा डबा झालो होतो. आमची दोघांची नोकरी एकाच दिवशी परत लागली.

थोरलीने माझे झाकण उलटे करून पाहिले. आतली अक्षरे तिने बोट ठेवून वाचली. "दू-र ठे-वा. दूर ठेवा." तेलाचा डबा उन्हापासून दूर ठेवा, असे कधीतरी त्यावर छापलेले असणार. कापताना पुढचे शब्द गेले आणि एवढेच राहिले. इतकी वर्षे मी ते पोटाशी घेऊन बसलो होतो आणि ते मला त्या दिवशी कळले.

"बघा," लेक म्हणाली, "डब्यालासुद्धा कळतं."

सगळे हसले. मी त्या वेळी काही मनावर घेतले नाही.

अडचण माझ्या आवाजाचीच झाली. जेवणानंतरची गोळी ठीक होती. पण पाहुणा पुडा ठेवून गेला, की तो आत टाकायला अप्पा मला उघडत. टण्ण झाले, की दोन्ही मुले असतील तिथून धावत येत.

"आजोबा, डबा वाजला."

"वाजला, साहेब. पण तुमचं जेवण कुठे झालंय?"

"मग वाजवला कशाला?"

धाकटा खाटेला टेकून उभा राही आणि माझ्याकडे बघत राही. थोरली मागत नसे. ती फक्त म्हणे, "मला नको, त्याला द्या." अप्पांचा हात माझ्यात जाई आणि दोन गोळ्या घेऊन बाहेर येई. असे एकदा झाले, मग पुन्हा झाले. लेकीला धाकट्याच्या जिभेच्या रंगावरून कळले.

"अप्पा, मला लहानपणी एकच मिळायची."

"तेव्हा तुझी आई मधे होती."

"आता मी आहे ना मधे. मी काय शत्रू आहे का त्यांची?"

ती चिडली नव्हती. दमली होती. अप्पांना ते लागले. त्यांनी तिला सांगितले, की यापुढे एकीच्या दोन होणार नाहीत. लेकीने विश्वास ठेवला आणि विषय तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी मुले खाली खेळत होती. अप्पांनी मला मांडीवर घेतले, झाकण काढले आणि चादरीच्या घडीवर पालथे ठेवले. बोचक्यातून लाकडी हातोडा काढला. मला कळेना, की एवढ्या वर्षांनी माझ्यात काय दुरुस्त करायचे आहे.

"तू बोलतोस, पोरं येतात, आणि मग माझा हात माझ्या ताब्यात राहत नाही," ते मला म्हणाले. "थोडे दिवस गप्प बस."

त्यांचा हात थरथरत होता, पण ठोका चुकला नाही. ज्या फुगवट्यावर त्यांनी तरुणपणी एक अख्खी दुपार घालवली होती, तो त्यांनी कडेकडेने ठोकत सपाट केला. मग कडा थोड्या सैल केल्या. मला उघडून बघितले, मिटून बघितले. कागद हलावा एवढासुद्धा आवाज झाला नाही. अप्पांनी हातोडा बोचक्यात ठेवला आणि बराच वेळ ते भिंतीला टेकून बसले. मला दुखले नाही, मित्रांनो. पत्र्याला दुखत नाही. पण आपला आवाज गेला हे कळायला दुखावेच लागते असे नाही.

त्या दिवसापासून अप्पांनी शब्द पाळला. जेवण, मग एक गोळी, मग दात घासणे. पाहुण्यांचे पुडे ते गुपचूप माझ्यात ठेवत आणि मुलांना पत्ताही लागत नसे. माझ्या पोटात त्यांनी पुठ्ठ्याचा एक पडदा घातला. एका बाजूला संत्र्याच्या, कारण थोरलीला त्या आवडत. दुसऱ्या बाजूला पुदिन्याच्या, त्या साहेबांच्या. मी भरत भरत काठापर्यंत आलो.

पण गोळ्या फक्त माझ्यातच नव्हत्या. लेकीचा नवरा ज्या दिवशी घरी असे, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाचे बंद बांधायला दारात बसे. लेक तेव्हा स्वयंपाकघरात डबे भरत असे. मुले बापाभोवती जमत. त्याचा हात खिशात जाई. सुट्टीतले प्रवासी उतरताना त्याला गोळ्या देत, तो त्या साठवून आणी. मूठभर एकीला, मूठभर एकाला. "परत येईपर्यंत पुरवा. आईला सांगायचं नाही हं." मग तो जिना उतरून जाई आणि पुढचे कितीतरी दिवस दिसत नसे. त्याला वाईट म्हणू नका. जो माणूस मुलांना वेळ देऊ शकत नाही, त्याच्या हाताला खिशात काहीतरी सापडावे असे वाटतेच.

मी हे फळीवरून पाहत होतो. अप्पा खाटेवरून पाहत होते. ते काही बोलले नाहीत. जावई एखाद्या रात्री घरी येतो, त्या रात्रीत आपल्यामुळे भांडण नको, असे त्यांना वाटले असावे. तोंड मिटून घेण्यात आम्ही दोघेही आता तयार झालो होतो.

सुट्टी अर्धी सरली असेल. एका सकाळी धाकटा गाल धरून उठला. गाल सुजला होता. लेक त्याला आपल्याच दवाखान्यात घेऊन गेली. दुपारी परत आली तेव्हा तो तिच्या खांद्यावर पडला होता, तोंडात कापूस. दुधाची एक दाढ काढावी लागली होती. तिने त्याला गादीवर निजवले. उशी सरकवताना गादीखालून गोळ्यांचे चुरगळलेले कागद निघाले. एक नाही, ओंजळभर.

ती उठली आणि फळीपाशी आली. तिने मला खाली घेतले आणि अंगठ्याने झाकण दाबले. काही वाजले नाही. तिने पुन्हा दाबले.

"अप्पा, हे वाजत का नाही?"

"मीच ठोकून सपाट केलं ते."

"का?"

"वाजलं की पोरं येतात, पोरी."

हे खरे होते. पण खरे बोलणेसुद्धा कधी कधी कबुलीसारखे ऐकू येते.

"पोरं येतात म्हणून, की मला कळतं म्हणून?"

अप्पांनी गादीकडे पाहिले. धाकट्याचे तोंड उघडे होते.

"आज मी त्याचे हात धरले, अप्पा. रोज परक्यांच्या पोरांचे धरते. आज त्याचे धरले. तो मला म्हणत होता, आई, सोड. आणि मी सोडत नव्हते."

थोरली दारामागे उभी होती. तिने बापाला शब्द दिला होता. तिच्या ओठांवर ते आले होते, मला दिसत होते, पण ती बोलली नाही.

मित्रांनो, त्या वेळी लेकीचा अंगठा माझ्या झाकणावर होता. झाकण तिने नुसते किंचित उचलले होते. आणखी थोडे उचलले असते, तर काठोकाठ भरलेला डबा तिला दिसला असता. पण तिने झाकण ऐकले, आत पाहिले नाही. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. तोंड होते, तेच सपाट झाले होते.

रागाच्या भरात माझे वजनही न जाणवता तिने मला आपल्या खोलीत नेऊन कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवले. दुसऱ्या दिवशी मुलांनी उरलेली सुट्टी त्यांच्या आत्याकडे काढायची असे ठरले. निघताना धाकटा अप्पांच्या खाटेपाशी आला. दार उघडे होते, मला ऐकू आले.

"आजोबा, तुम्ही रागावलात?"

"नाही, साहेब. तुमची बदली झाली."

"आणि तुमची?"

"माझी इथेच."

त्यानंतर ते घर शांत झाले. कपाटावर धूळ असते आणि अंधार असतो, बाकी काही नसते. बाहेरच्या खोलीतले अप्पांचे खोकणे मला ऐकू येई. लेक कामावरून आली, की ताट वाढी. अप्पा अर्धे जेवत. ती "अजून घ्या" म्हणे, ते "पुरे" म्हणत. एकदा त्यांनी विचारले, "पोरं कधी येणार?" ती म्हणाली, "सुट्टी संपली की. रविवारी." वर्षभर शाळा असते. मुलांबरोबर सबंध दिवस काढायला अप्पांना ही एकच सुट्टी मिळायची, आणि तीही अशी रिकामी गेली. त्या काळात लेकीने त्यांना कधी उलट उत्तर दिले नाही. ती नुसती कमी बोलत होती. मला वाटते, भांडली असती तर बरे झाले असते. भांडणात काहीतरी तोंडून निसटते.

रविवारी दुपारी ती कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढली. आत्याकडून मुलांना आणायचे होते. बॅगेबरोबर मीही पुढे सरकलो. तिने मला हाताने थोपवले आणि तिचा हात तसाच राहिला. मी जड होतो. मला घेऊन ती खाली उतरली आणि जमिनीवर बसून तिने झाकण पुरते काढले.

काठोकाठ गोळ्या. पुठ्ठ्याचा पडदा. इकडे संत्रे, तिकडे पुदिना. वरच्या गोळ्यांचे कागद झाकणाला चिकटले होते.

तिचा नवरा त्या दिवशी घरी होता. बुटांना पॉलिश करत होता.

"अहो, हा डबा भरलेला आहे."

"मग?"

"मग पोरं काय खात होती?"

त्याचा ब्रश थांबला. "मी द्यायचो. निघताना. प्रवासी देतात गं. मला वाटलं, सुट्टी आहे, मूठभर गोळ्यांनी काय होतंय."

"तुम्ही बोलला का नाहीत? मला वाटलं, अप्पाच देतात."

"कधी बोलणार? मी गाडीवर. आलो तर पोरं आत्याकडे, तू गप्प, अप्पा गप्प. अप्पांवर आळ आलाय हे मला कोण सांगणार?"

"अप्पांना ठाऊक होतं? तुम्ही द्यायचात ते?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "दारासमोरच तर खाट आहे त्यांची."

लेकीने मला फडक्याने पुसले. अगदी कोपऱ्यातून, जिथे पत्रा जोडायला कथलाचा डाग दिलेला आहे तिथूनसुद्धा. मला घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. अप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. "अप्पा," ती हळू म्हणाली. ते हलले नाहीत. श्वास चालू होता. ती उभी राहिली.

"झोपू दे त्यांना," नवरा मागून म्हणाला. "मी पोरांना घेऊन येतो. सगळ्यांसमोर बोलू. मीही सांगतो त्यांना."

तिला ते पटले. तिने स्टूल ओढून खाटेच्या डोक्याशी ठेवले आणि त्यावर मला ठेवले, डोळे उघडताच दिसेल असे. अप्पांच्या पायांवर चादर नीट केली. उठले की हाक मारतील, असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. नवरा जिना उतरून गेला. आतून नळाचा आवाज येऊ लागला, मग भांड्यांचा.

अप्पा जागे झाले तेव्हा ऊन भिंतीवर चढले होते. कूस बदलली आणि त्यांना मी दिसलो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. त्यांना काय कळले, किती कळले, हे मी सांगू शकत नाही. मी डबा आहे. पण कपाटावरून खाली यायला मला पाय नाहीत, हे त्यांना नक्की माहीत होते.

ते कोपरावर उठले. झाकण काढून स्टुलावर ठेवले. माझ्यातून संत्र्याची एक गोळी घेतली, पुदिन्याची एक घेतली, आणि दोन्ही झाकणावर शेजारी शेजारी मांडल्या. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. हाक मारतील असे मला वाटले. त्यांनी हाक मारली नाही. त्यांनी झाकणाच्या मध्यावर अंगठा ठेवला, बरोबर जिथे फुगवटा होता तिथे, आणि दाबले.

मी गप्प राहिलो.

तिकडे लेक कप विसळत होती. मधे फक्त एक दार होते, आणि तेही उघडे होते. लहानपणापासून ज्या आवाजाला ती धावत आली, तो झाला असता तर ती आताही ओल्या हातांनी धावत आली असती. अप्पांनी आणखी एकदा दाबले. मग ते आडवे झाले, या वेळी भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून.

मुले जिन्यावरून ओरडतच आली. लेक चहाचा कप घेऊन बाहेर आली. झाकणावरच्या दोन गोळ्या तिने पाहिल्या, आणि अप्पा मधे जागे झाले होते हे तिला समजले. त्यानंतर ती कितीतरी महिने एकच वाक्य बोलत असे. नवऱ्यापाशी बोले, शेजारणीपाशी बोले, कुणी नसले तर माझ्यापाशी बोले. "झाकण वाजलं असतं तर मला कळलं असतं."

आता मी वरच्या फळीवर नसतो. जेवायच्या जागेजवळ, सगळ्यांच्या हाताला लागेन असा ठेवलेला असतो. मोठी सुट्टी अजून येते, पाहुणे येतात, पुडे येतात. नियम तोच आहे. जेवणानंतर एक, मग दात घासायचे. फरक एवढाच, की बाप घरी आला की खिसा उलटा करून सगळ्या गोळ्या सर्वांसमोर माझ्यात टाकतो. मुलांना दोन हव्या असतील तर ती तोंडाने मागतात. आई बहुतेक वेळा नाही म्हणते. रडारड होते, रुसवे होतात, पण गादीखाली कागद सापडत नाहीत. एकदा एका पत्र्याच्या कारागिराने माझा फुगवटा पुन्हा उठवून देतो असे सांगितले. लेकीने मला त्याच्यासमोर ठेवले, आणि त्याने हातोडा उचलताच परत घेतले.

माझ्या कडांना गंज चढू लागला आहे. एका कोपऱ्याचा डाग सुटत आला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसत जा. गोळी एकच खा आणि ती सावकाश चघळा. कुणी चोरून दिली तर घेऊ नका, देणारा कितीही लाडका असो. आणि कुणावर रागवायची वेळ आली, तर आधी झाकण पुरते उघडून आत बघा. आपले चुकले असे दिसले, तर झोपलेल्या माणसाला उठवून सांगा. तो रागावणार नाही.

ज्या वर्षी धाकट्याची दाढ काढली, त्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीच्या शेवटच्या रविवारी, दुपारच्या चहाच्या थोडे आधी, अप्पा गेले.